सालासकट

खण जरा हळू उघडा. झटका बसला की माझी जोड कुरकुरते. लाटण्याच्या मागे, मोदकपात्राच्या चाळणीखाली तो लांब, गंजाचे ठिपके पडलेला चिमटा दिसतोय ना, तो मी बोलतोय. बोलायची फारशी हौस उरलेली नाही, पण तुम्ही खण उघडलाच आहे तर सांगतो. मध्येच दम घेईन, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म तळोज्याच्या एका पत्र्याच्या शेडमधला. स्टीलची पट्टी कापली, दुमडली, टोकाला दाते पाडले आणि पेटीत टाकली. लाडबिड कोणी केले नाहीत. पहिली नोकरी नेऱ्याच्या एका दवाखान्यात लागली. कापसाचा बोळा उचलायचा, औषधात बुडवायचा, जखमेवर फिरवायचा. पोरं मला बघूनच भोकाड पसरायची. झोंबायचं औषध, बदनामी माझी. पुढे डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद पडला आणि बाकं, खुर्च्या, वजनकाटा यांच्याबरोबर मीही भंगारात गेलो.

तिथून मला उचललं इलियासनं. इलियासचं पनवेलात माशांच्या टाक्यांचं दुकान आहे. बारा वर्षं आखातात हॉटेलांतल्या मोठमोठ्या टाक्या सांभाळून आलेला माणूस. त्यानं मला उलटसुलट केलं, दोनदा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "दवाखान्याचा दिसतोय. हात हलका असणार." माझ्याबद्दल इतकं चांगलं त्याआधी कोणी बोललं नव्हतं. त्यानं मला दुकानात खिळ्याला टांगलं, आणि एके दिवशी देवेश मला घेऊन गेला.

देवेश जहाजावर नोकरीला. सहा-सात महिने समुद्रावर, मग काही महिने सुकापूरच्या फ्लॅटमध्ये आईजवळ. एवढा समुद्र बघून त्याचं पोट भरलेलं नसावं, कारण घरीसुद्धा त्यानं हॉलभर खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती. पाकिटातलं मीठ पाण्यात कालवायचा, मापून बघायचा, पुन्हा कालवायचा. त्या टाकीत राहायची गोदू.

गोदू हा मासा आहे. इलियास तिला पफर म्हणतो. कुत्र्याच्या पिल्लासारखं तोंड, मोठे डोळे, आणि घाबरली की अंगात पाणी भरून टम्म फुगणार. देवेशची एक आत्या आहे गोदावरी, रागावली की गाल फुगवून बसणारी. तिच्यावरून हे नाव. आत्याला अजून कोणी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. टाकीत आणखी एक पिवळा मासा होता. तो शेवाळ नाहीतर पालक खाऊन आपल्या नादात फिरायचा, त्याचा कोणाला त्रास नव्हता. नखरे सगळे गोदूचे.

गोदूला दात चार. वर दोन, खाली दोन, पोपटाच्या चोचीसारखे एकमेकांना चिकटलेले. हे दात जन्मभर वाढतात. समुद्रात ती शिंपले फोडते, खेकडे चावते, त्यात ते झिजत राहतात. म्हणून देवेशनं फ्रिजवर एक कागद लावला होता. रविवारी तिसऱ्या, ती शिंपल्यातली मासळी, शिंपल्यासकट. सोमवारी खेकड्याची नांगी. मंगळवारी माकूळ, स्क्विड म्हणतात ते. बुधवारी कोळंबी, आणि त्यापुढे ठळक अक्षरांत लिहिलेलं: सालासकट. गुरुवारी उपास. शुक्रवारी पुन्हा शिंपले, शनिवारी वाटाणे आणि शेवाळाचा कागद. "रोज एकच खाल्लं तर माणूससुद्धा आजारी पडतो," असं तो म्हणायचा. माझ्या टोकानं गोदूला भरवून झालं की तो मला गोड्या पाण्यात धुवायचा आणि फडक्यानं कोरडा करायचा. खारं पाणी लोखंडाचं काय करतं, हे त्यानं जहाजावर रोज पाहिलेलं.

एप्रिलच्या शेवटी त्याची निघायची वेळ आली. जाताना तो आईला म्हणाला, "आई, कागद बघून दे हं. दिवाळीच्या आधी येतोच मी."

"अरे, तुला वाढवला ना मी? मग हिला नाही का सांभाळणार?" वसुंधराकाकू म्हणाल्या.

मला तिथंच धाकधूक वाटली. मुलाला वाढवलेल्या हातांना कागद लागत नाही, आणि गोदूला तर कागदच हवा होता.

वसुंधराकाकूंबद्दल सांगतो. टपाल खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मागच्या वर्षी काकूंचे उरलेसुरले दात काढले आणि कवळी बसवली. ती कवळी त्यांना टोचायची. पाव्हणे आले की तोंडात, नाहीतर दिवसभर फ्रिजवरच्या स्टीलच्या डबीत. देवेश गेल्यावर पाव्हणे तरी कोण येणार? काकू सकाळी चहात बिस्किट बुडवायच्या, दुपारी मऊभात मेतकूट, रात्री सकाळचा उरलेला मऊभात. "एकटीसाठी कुठं घाट घालायचा," असं टाकीकडे बघून म्हणायच्या. गोदू काय बोलणार आणि मी तरी काय बोलणार.

पहिल्या बुधवारी त्यांनी कागद बघून मला कोळंबी धरायला लावली, सालासकट. गोदूनं ती ओढली आणि कडकड चावली. काकूंनी डोळे मिटून घेतले. "बाई गं, किती टोचत असेल बिचारीला," त्या म्हणाल्या आणि त्यांचा हात स्वतःच्या हिरड्यांकडे गेला. पुढच्या बुधवारी कोळंबी सोलून आली. मग त्यांनी पेन घेतलं आणि देवेशच्या कागदावरचं "सालासकट" खोडून टाकलं. एक सरळ रेघ, पोस्टात रकाना रद्द करतात तशी.

एकदा माया सुटली की तिला आवरतं कोण? तिसऱ्या आल्या त्या शिंपले काढून. नांगी आली ती फोडून. मग दिसलं की गोदूला मऊ कोळंबी सगळ्यांत आवडते, म्हणून माकूळही बंद झालं. मे गेला, जून गेला. एक बाई मऊभातावर आणि एक मासा मऊ कोळंबीवर, आणि दोघींच्या मध्ये मी. भरवणारा मीच होतो, म्हणून त्या पापातला वाटा मला नाकारता येत नाही.

माझे स्वतःचे हालही सांगून घेतो, पुन्हा कोण विचारणार आहे. काकू मला धूत नसत. भरवून झालं की टाकीच्या झाकणावर ठेवून द्यायच्या, तसाच, खाऱ्या पाण्यानं निथळत. आठवड्याभरात पहिला ठिपका उठला. वाईट हेतू नव्हता हो त्यांचा. त्यांना वाटायचं पाण्यातच तर होता, आणखी काय धुवायचं.

मग श्रावण लागायची वेळ झाली. काकूंचा श्रावण कडक. घरात मासळी शिजणं सोडाच, नाव काढायचं नाही. आता गोदूचं काय? त्यांनी तोडगा काढला. आदल्याच दिवशी मार्केटमधल्या रंभाकडून महिनाभर पुरेल एवढी कोळंबी सोलून आणली, पुड्या बांधून झाकणाच्या डब्यात घातली आणि डबा फ्रीझरच्या पार कोपऱ्यात सारला. हात लागू नये म्हणून पुडी उघडायची मी, तुकडा उचलायचा मी, पाण्यात बुडायचं मी. सोवळं त्यांचं आणि ओवळ्यात मी. त्यातही सोमवार आणि शनिवार गोदूलाही उपास, दोन उकडलेल्या वाटाण्यांवर. "तिलाही पुण्य लागेल," काकू म्हणाल्या.

बिघडलंय हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. माझं टोक रोज तिच्या तोंडापर्यंत जायचं ना. आधी तुकडा सहज आत जायचा, मग दातांना घासून जायला लागला, मग दातच माझ्या टोकावर आपटायला लागले. खालचे वर चढले होते, वरचे खाली उतरले होते. तोंडाला फट म्हणून उरली नव्हती. गोदू झेप घेऊन यायची, तुकड्याला तोंड लावायची, आणि तुकडा तिच्यासमोरून खाली वाळूत जाऊन पडायचा. ती त्याच्याकडे बघत राहायची. भूक होती हो तिला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण आमच्या जातीला तोंड असून बोलता येत नाही.

काकूंनी तुकड्याचे दोन केले, चार केले, शेवटी खलबत्त्यात ठेचून चिखल केला, श्रावणात, त्यांच्या त्या खलबत्त्यात. काही उपयोग झाला नाही. अकरा दिवस गोदूच्या पोटात काही गेलं नाही. गाल बसले, पोट खपाटीला गेलं. तळाशी जाऊन पडायची आणि डोळे तेवढे काकूंच्या मागे फिरवायची.

त्यात देवेशचा फोन आला. जहाजावरून आठ-दहा दिवसांनी यायचा तसा.

"आई, गोदू बरी आहे ना?"

"बरी आहे," काकू म्हणाल्या. टाकीकडे पाठ करून म्हणाल्या.

"दाखव ना जरा व्हिडिओवर."

"इथं रेंजच नाही रे आज."

त्यांनी फोन ठेवला. मग टाकीजवळ आल्या आणि काचेला हात लावून म्हणाल्या, "तो येईपर्यंत थांब गं बाई. एवढं एक माझं ऐक." मुलानं विश्वासानं सोपवलेला जीव आपल्या हातून जातोय, या भीतीनं काकू अर्ध्या झाल्या होत्या. मीही झालो होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इलियासला फोन केला. दुपारची नमाज उरकून तो आला. टाकीसमोर उकिडवा बसला, गोदूकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काकू, हिला खायला काय घालता?"

"कोळंबी. चांगली निवडून, सोलून."

"सोलून?"

"टोचतं हो साल. मला माहितेय ना, कसं टोचतं ते."

इलियासनं वळून काकूंकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "काकू, टोचलं तरच हिचे दात झिजतात. मऊ खाऊन दात इतके वाढलेत की आता तोंडच उघडत नाही. आणि कोळंबी एके कोळंबी, म्हणजे अंगात ताकद कुठून येणार? देवेशनं काही लिहून दिलं नव्हतं?"

काकूंनी फ्रिजकडे पाहिलं. खोडलेली रेघ तिथूनही दिसत होती. "दिलं होतं," त्या म्हणाल्या. "मीच शहाणी."

"दात कापावे लागतील. गुंगी देऊन. लवंगेचं तेल आहे घरात?"

लवंगेचं तेल होतं. दाढा ठणकायच्या तेव्हा काकू कापसावर घेऊन लावायच्या, ती बाटली अजून देवघराखालच्या कपाटात होती. इलियासनं बादलीत टाकीचंच पाणी घेतलं, गोदूला पाण्यातल्या पाण्यातच भांड्यानं बादलीत आणलं. वर उचललं तर ती हवा गिळून फुगेल आणि ते जिवावर बेतेल, म्हणाला. मग बाटलीत तेलाचे थेंब घालून खळखळून हलवले आणि ते पाणी थोडं थोडं सोडत गेला. घरभर लवंगेचा वास झाला. गोदूचे पर हळू झाले, आणि ती कुशीवर कलंडली.

"जास्त झालं तर उठायची नाही," इलियास म्हणाला. "कमी झालं तर मध्येच उठेल. बाकी अल्लाच्या हातात. काकू, तो चिमटा द्या."

दवाखाना सुटल्यापासून मला असं कोणी मागितलं नव्हतं. त्यानं माझ्या टोकानं गोदूचा ओठ बाजूला धरला आणि दुसऱ्या हातातल्या बारीक पकडीनं दात कापायला घेतले. टक्. टक्. मी हललो असतो तर ओठ फाटला असता. गंजानं माझी जोड सैल झाली होती, पण त्या दोन मिनिटांत मी हललो नाही. आयुष्यात आणखी काही केलं नसेल, एवढं एक केलं.

दात कापून तिला टाकीत सोडलं, तर ती दगडासारखी खाली गेली. इलियासनं हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून तिला तळव्यावर घेतलं आणि पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत राहिला, कल्ल्यांत पाणी जावं म्हणून. काकू देवासमोर गेल्या नाहीत. त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग एक पर हलला. मग दुसरा.

काकू मटकन खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. इलियासनं शर्टाच्या बाहीनं स्वतःचा चेहरा पुसला. "आता जिवंत तिसऱ्या आणा. शिंपल्यासकट. आणून ठेवा, दोन दिवसांत तोंड लावेल."

"श्रावण आहे हो, इलियासभाई."

"तुमच्या श्रावणात मी काय बोलणार काकू? पण आमच्याकडे रोजे असतात ना, तेव्हा आम्ही मांजरीला रोजा धरायला लावत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी कापडी पिशवी काढली, हात लागू नये म्हणून मला त्यात टाकलं आणि रिक्षानं मार्केट गाठलं. समोर भाजीच्या गाड्यावर काकूंच्या भजनी मंडळातल्या दोघीजणी उभ्या होत्या. त्यांनी काकूंना बघितलं, आणि काकूंनी त्या बघतायत हे बघितलं. तरी काकू आत शिरल्या.

रंभा पाटावर बसली होती. मार्केटात त्या दिवशी गिऱ्हाईक कमीच. "काकू? तुमी? श्रावन हाय ना?"

"माझ्यासाठी नकोय गं. माशाला हवंय. तिसऱ्या दे, जिवंत."

"त्या दिवशी सोलून नेलात ती पन माशालाच व्हती?" रंभानं कपाळाला हात लावला. "आमच्या नातवाला पन आमी सोलून नाय देत काकू. मासा तो, त्याला कसली सोलून देता?"

काकूंनी मला पिशवीतून काढलं आणि एक तिसरी उचलली. मग दुसरी. रंभा बघत राहिली. "चिमट्यानं एकेक उचलाल तर दिवाली येल काकू."

तेव्हा काकूंनी मला पिशवीत टाकलं, पदर खोचला आणि ओंजळी भरभरून शिंपले पिशवीत घेतले. हातावरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

त्या दिवशी गोदूनं काही खाल्लं नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी माझ्या टोकात एक तिसरी धरली आणि मला पाण्यात उतरवलं. गोल, गुळगुळीत शिंपला तो. माझे दाते गंजून गेलेले. मी धरून ठेवायचा फार प्रयत्न केला, पण तो निसटला आणि खाली वाळूत जाऊन पडला. मेलो, म्हटलं. हे एवढंही आता आपल्याला जमत नाही.

गोदू हलली. खाली गेली. तोंडातून पाण्याची फुंकर मारून वाळू उडवली, शिंपला उलटा केला, एका डोळ्यानं बघितला, दुसऱ्या डोळ्यानं बघितला. मग तोंडात धरला. आणि कट्.

तो आवाज काचेतून बाहेर आला. काकू मला हातात धरून तशाच उभ्या. आतून शिंपल्याचे तुकडे खाली पडत होते आणि गोदू पुढची तिसरी शोधत होती. ती शोधायला तिला माझी गरज नव्हती. काकूंनी ओंजळभर तिसऱ्या हातानंच पाण्यात सोडल्या.

चार दिवसांनी देवेशचा फोन आला, तेव्हा त्यांनी आधी गोदूला दाखवलं आणि मग सगळं सांगितलं. खोडलेला शब्द, अकरा दिवस, रेंज नसल्याची थाप, सगळं. मला वाटलं, आता चिडणार.

"आणि तू?" देवेशनं विचारलं. "तू काय जेवतेस?"

"जेवते की."

"काय?"

"मऊभात."

"रोज?"

काकू फ्रिजवरची कवळीची डबी उगाच सरळ करू लागल्या.

"आई, रोज?"

"कवळी टोचते रे. आणि एकटीसाठी किती करायचं?"

"टोचते तर दातांच्या डॉक्टरकडून घासून घे ना. उद्याच जा. आणि आता कागद घे. मी सांगतो तसं लिही."

काकूंनी कागद घेतला. रविवारी नाचणीची भाकरी आणि पालेभाजी. सोमवारी मुगाची उसळ. श्रावण संपला की बांगडा. असं सात दिवसांचं, रोज वेगळं. तो कागद त्यांनी गोदूच्या कागदाशेजारी लावला. गोदूच्या कागदावर खोडलेला शब्द पुन्हा वर लिहिला. स्वतःच्या कागदावर शेवटी देवेशनं रोज जेवणाबरोबर काकडी सांगितली होती, तिच्यापुढे कोणी न सांगता त्यांनी लिहिलं: सालासकट.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. झाकणावर पडलेला, लाल झालेला मी. त्यांनी मला नळाखाली धरलं. गोडं पाणी. एप्रिलनंतर पहिल्यांदा. अंगठ्यानं माझे दाते चोळले, पदरानं कोरडा पुसला, उजेडात धरून बघितला. "फार राबवलं रे तुला," त्या म्हणाल्या. इतका नीट पुसला तेव्हाच मला कळलं की आता पुन्हा पाण्यात जाणं नाही. मग मला या खणात ठेवलं.

तक्रार नाही माझी. थकलो होतोच. तुमच्याही घरात भरवायला कोणी असेल, पोर असेल, म्हातारं माणूस असेल, मासा असेल, तर भरवण्याआधी त्याचे दात बघा, आपले नका बघू. आणि खाऱ्या पाण्यात राबवलेलं काही असेल तर वेळेवर धुवा, फार उशीर करू नका.

दुपारी एकच्या सुमाराला हॉलमधून आवाज येतो, कट्. थोड्या वेळानं टेबलाकडून दुसरा येतो, घासून आणलेल्या कवळीखालच्या काकडीचा, जरा हळू, जरा बिचकत. मी दोन्हींची वाट बघतो. दोन्ही आले की डोळा लागतो. आज पहिला आलाय, दुसरा व्हायचाय. लावून घ्या खण. हळू.